खोली नसलेला सरदार

आधी ताईंचं सांगतो, मग बाकीचं. ताई दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहतात आणि रेल्वेच्याच ऑफिसात कामाला आहेत. त्यांचं माझं नातं काही नाही. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सुटलेला, शिरूरला नगर रोडवर सीट कव्हरच्या दुकानात गाड्यांच्या गाद्या शिवणारा. त्यांनी मला रविवारची एक बसायची जागा दिली. पुढं जे सांगणार आहे ते सगळं त्या जागेमुळं घडलं.

मालकांच्या ओळखीतून ताईंच्या क्वार्टरमधला सोफा नव्यानं शिवायचं काम आलं होतं. मी जुनं कापड उसवत होतो आणि शेजारच्या टेबलावर एक नकाशा पसरलेला होता. त्यावर शर्टाची बटणं मांडलेली आणि कितीतरी बाजूंचे रंगीत फासे. मला राहवलं नाही.

"काय करायले ताई हे?"

माझ्या 'करायले'ला इकडं बरेचजण हसतात. ताई हसल्या नाहीत.

"खेळ आहे. मी गोष्ट सांगते. बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात. त्या माणसानं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो."

"मग जिंकते कोण?"

"कोणी नाही. गोष्ट पुढं जाते." मग त्यांनी विचारलं, "रविवारी मोकळा असतोस का?"

गोष्ट आजपासून हजारो वर्षं पुढची होती. माणसं ताऱ्याताऱ्यांवर पसरलेली, आणि तिथं सरदार घराण्यांचं राज्य. मी जहाजाच्या इंजिनावरचा मिस्तरी झालो. तिसरे आप्पा, रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. खेळात ते चोरटा माल नेणारे कप्तान, पण अंतराळातसुद्धा म्हणायचे, "सिग्नल पडल्याबिगर गाडी हलणार न्हाई." नियमांचं पुस्तक इंग्रजी. ताई माझ्यापुरतं मराठीत सांगायच्या, आणि तेही असं, की मला इंग्रजी वाचता येत नाही हे कुणाच्या डोळ्यावर येऊ नये. तरी परतीच्या वाटेवर दर रविवारी मला वाटायचं, पुढच्या वेळी म्हणतील, आता तू येऊ नकोस.

तसं कोणी म्हटलं नाही. पण खुटबावचा एक मुलगा आला.

तो पुण्यात इंजिनिअरिंगला, शेवटच्या वर्षाला. घरचा ऊस, घरचा बंगला. स्वभावानं इतका चांगला की त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. मी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं चौफुल्याला उतरायचो, केडगाव स्टेशनवरून दौंडची गाडी धरायचो. तो एक स्टेशन आधी, खुटबावलाच, चढलेला असायचा. गाडी थांबायच्या आत खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायचा, "दादा, जागा धरलीय!" मी त्या जागेवर बसायचो आणि मनात म्हणायचो, सगळ्या जागा तूच धर.

त्याच्या बुटांचा, बॅगेचा मला हेवा नव्हता. हेवा वाटायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. तो आणि ताई पुस्तकात बोट घालून नियमांवर वाद घालायचे. तो म्हणायचा, "ताई, हे चूक आहे." ताई म्हणायच्या, "पुढचं पान वाच, मग बोल." दोघांचे आवाज चढायचे आणि ताईंच्या तोंडावर असं काही यायचं जे माझ्याशी बोलताना कधीच आलं नव्हतं. मला त्या समजावून सांगायच्या. त्याच्याशी भांडायच्या. ताई एकदा तरी माझ्याशी भांडाव्यात, एवढंच मला हवं होतं. ज्याला शाळेतून लवकर उठावं लागलंय त्याला हे कळेल.

एका रविवारी ताई म्हणाल्या, "पुढच्या गोष्टीत एक मोठं सरदार घराणं आहे. त्यांची युद्धनौका लागेल. लढणारी, पण आत पाय ठेवला की डोळे दिपले पाहिजेत. तुम्ही दोघं एकेक जहाज काढून आणा. जे घेऊ, ते आणणारा सरदार होईल."

"आन् मी?" आप्पा म्हणाले.

"तुमचं जहाज सिग्नलला उभं आहे, आप्पा."

मग माझा आठवडा त्या जहाजातच गेला. रेक्झिनच्या गुंडाळीतला पुठ्ठा उलगडून त्यावर कापडावर आखायच्या खडूनं मी नकाशा काढू लागलो. ऐश्वर्य कसं असतं हे मला गाद्यांवरूनच माहीत. मी जहाजाच्या भिंतींना आतून गादी लावली, चौकटीची शिलाई, प्रत्येक चौकटीत बटण. म्हणजे मारा झाला, जहाज हिसकलं, तरी कुणाचं डोकं फुटणार नाही. तोफा मखमली पडद्यांमागं ठेवल्या. पाहुणे जेवत असताना तोफेचं तोंड कशाला दिसायला पाहिजे? पंगतीचा मोठा दिवाणखाना, त्याच्या छताला काच, काचेवर तारे. मधोमध सरदाराची खुर्ची. तिची उशी मी मनातल्या मनात तीनदा उसवून परत शिवली.

मालक मागून डोकावले. "कुठल्या आमदाराची गाडी हाय ही?"

"आमदार नाही, सरदार."

"मंग ॲडव्हान्स घेतल्याबिगर शिलाई मारू नको."

रविवारी आधी खुटबावच्यानं लॅपटॉप उघडला. त्याचं जहाज काळ्या पडद्यावर सावकाश गोल फिरत होतं, लांब, निमुळतं, पाठीवर सोनेरी कणा. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. तोफा किती, वेग किती, सगळं तो घडाघडा सांगत होता. शेवटी सरदाराचा महाल दाखवला. चार खोल्या, एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि जाडजूड दार.

मग मी माझा पुठ्ठा मांडला. गाद्यांच्या भिंती बघून आप्पा म्हणाले, "लय भारी." तोफांचे पडदे ताईंना आवडले, त्यांनी दोनदा त्यावर बोट ठेवलं. मग खुटबावचा वाकून बघायला लागला.

"दादा, हे पलंग कुणाचे?"

"झोपायचा दिवाणखाना आहे. सगळ्यांचा."

"आणि सरदार कुठं झोपतो?"

मी बोट ठेवलं. मधला पलंग. इकडं पाच, तिकडं पाच. त्याच्या पलंगाला नक्षी जास्त होती, बाकी रांग तीच.

आप्पा आधी हसले. "आरं, सरदार हाय का वऱ्हाडी? जानवसघरात झोपवलाय त्याला!"

खुटबावचाही हसला, वाईट हेतूनं नाही. "दादा, त्याला स्वतःची खोली नको का? आमच्या घरी तर आईसुद्धा दार वाजवून आत येते."

हे ऐकून मी जहाज विसरलो. दार वाजवून? स्वतःची आई? आमच्या गावी सगळे एका रांगेत आडवे व्हायचे, माझ्या एका बाजूला आजा, एका बाजूला धाकटी बहीण. शिरूरला एका खोलीत आम्ही पाचजण. सरदारासाठी मी जगातलं सगळं आणलं, पण एकटं झोपायची खोली माझ्या डोक्यातच आली नव्हती. आता कान तापले. वाटलं, पुठ्ठा गुंडाळावा आणि एसटी गाठावी, इथला रविवार संपला.

"ताई, नियमातच आहे," खुटबावचा म्हणाला, "कप्तानाला केबिन लागतेच."

ताईंनी पुस्तक उघडलं नाही. त्या माझ्याकडं वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. "तू सांग. का नको खोली?"

मी पुठ्ठ्याची कड दुमडू लागलो.

"बोल ना! शत्रू आत शिरला तर अकराजणांत सरदार त्याला आयता सापडेल."

"एकट्या खोलीत शिरला तर कळेल कुणाला?" मी म्हणालो. "इथं बाकीचे दहा उठतील."

"साथ आली तर? सगळे एकदम आजारी."

"मग पाणी द्यायलाबी जवळच असतील की."

"सरदाराला गुप्त काही बोलायचं असेल तर?"

"जेवणघरात बोलंल. झोपायच्या जागी कशाला गुप्त बोलायलाय?"

"आणि त्याला रडायचं असेल तर?" ताई टेबलावर पुढं झुकून म्हणाल्या. तोंडावर तेच होतं, जे फक्त खुटबावच्याशी वाद घालताना यायचं.

"तोंडावर पांघरूण घ्यायचं," मी म्हणालो. "आम्ही तसंच करतो."

मग आप्पा म्हणाले, "पांघरूण मखमलीचं हाय नव्हं? मंग रडू द्या त्याला."

सगळे हसले, मीही हसलो. ताईंनी पुठ्ठा स्वतःकडं ओढला. "हे जहाज घ्यायचं. ह्या घराण्यात सरदार एकटा झोपत नाही. का झोपत नाही ते खेळता खेळता कळेल." खुटबावच्यानं लॅपटॉप मिटला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्याला वाईट वाटलं असेल, पण तोंडावर दिसलं नाही. तेही त्याला जमतं.

अशा रीतीनं मी सरदार झालो. आणि माझा मिस्तरी, रिकामा राहिलेला, खुटबावच्यानं घेतला.

ह्याचा मी विचारच केला नव्हता. त्यानं माझा मिस्तरी असा उचलला की बघत राहावं. बोलताना हात फडक्याला पुसायचा, इंजिनाशी बैलासारखं बोलायचा, "व्हय रं राजा, दमलास व्हय." आप्पा खोखो हसायचे, ताई डोळे पुसायच्या. मी मधोमध मखमलीत बसून माझ्याच जुन्या माणसाकडं बघत जळत होतो. सरदारकी मिळाली आणि मला परत मिस्तरी व्हायचं होतं.

खरं म्हणजे पहिल्या दिवशी मी आपणहून खुर्चीत बसलोही नव्हतो. ताई म्हणाल्या, "सरदार, आपण दिवाणखान्यात आला आहात. समोर खुर्ची. काय करता?"

दुकानात नव्या शिवलेल्या गादीवर आम्ही बसत नाही. हातानं दाबून बघायची, गुडघा टेकायचा, पण पहिलं बसायचं ते गिऱ्हाइकानं. माझ्या तोंडून निघून गेलं, "उशी दाबून बघतो."

"सरदार," मिस्तरी फडक्याला हात पुसत म्हणाला, "गिऱ्हाईक तुम्हीच हाय. बसा आता."

ही रीत मी त्याला कधीतरी गाडीत सांगितली होती. त्यानं ती ध्यानात ठेवली होती, आणि अशा वेळी काढली की त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं वाक्य त्याचंच ठरलं. मी बसलो. तेव्हाही हेवा वाटला आणि आता लिहिताना परत वाटतोय. त्या वाजवायच्या दाराचा तर रोज वाटतो.

ताई मात्र इतक्या रविवारी आम्हाला ताऱ्यांवर नेतात ते एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. तिची पाठ चिरली आहे, चिरेवर चादरीची घडी. सोफा आमच्यासाठी सोडतात. मी म्हणालो, "ताई, तुम्हाला एक खुर्ची करून देतो."

"आधी तुझ्या खोलीत तुझी खुर्ची येऊ दे," त्या म्हणाल्या. "मग माझी."

मी म्हणालो, "पाचजणांच्या खोलीत खुर्ची ठेवू कुठं?" त्यावरून आम्ही बराच वेळ भांडलो. त्यांनी ऐकलं नाही, मीही सोडलं नाही.

तर ताई, हे इथं लिहून ठेवतो. माझी खुर्ची कधी येईल, कुठल्या खोलीत येईल, मला माहीत नाही. पण आली की दुसऱ्या दिवशी तुमची शिवायला घेईन. गडद लाल, चौकटीची शिलाई, प्रत्येक चौकटीत बटण. शिरूरहून दौंडपर्यंत टेम्पोत मी तिच्याशेजारी उभा राहून येईन, आणि पहिलं तुम्ही बसाल.