मुसळाखाली गेलेलं नाव

"तू ते कुटलंस? निकोदिम, माझ्याकडे बघून सांग. कुटलंस?"

आवाज शेजारच्या रफिलावहिनीचा. मी कुंपणाच्या अलीकडे आमच्या गोठ्यात गाईची धार काढत होते. पंधरा वर्षांची असेन. ऐकायचं नव्हतं असं खोटं कशाला सांगू? उलट भांड्यात आवाज होऊ नये म्हणून धार हळू केली.

"कुटलं तर काय बिघडलं? ढलप्या होत्या दगडाच्या. आपल्याकडे ढलपी फेकून देतं का कोणी?"

"अरे, त्यांच्यावर अक्षरं होती!"

"मुसळाला अक्षरं दिसत नाहीत."

"तुला तर दिसत होती ना? मेलेल्या माणसाचं नाव होतं ते. दगड उलटा करायचास, मागच्या बाजूला लिहायचंस."

"मागची बाजू ओबडधोबड होती. माझ्या इलिंकाला ओबडधोबड दगड देऊ?"

मग वहिनीनं विचारलं, "आणि निघालं काय त्यातून?"

"काही नाही."

"कणभरही सोनं नाही?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दार असं आपटलं की आमच्या गाईनं लाथ मारली. दूध गेलं. मला आईच्या दोन बसल्या.

इलिंका त्यांची पोर. चार वर्षांची. त्या उन्हाळ्यात घटसर्पानं गेली. आमच्या रोशिया गावात तेव्हा प्रत्येकाची छोटी का होईना खाण होती आणि ओढ्याकाठी पाण्यावर चालणारी मुसळं होती, लाकडाची, टोकाला लोखंड ठोकलेली. डोंगरातून आणलेला दगड मुसळाखाली घालायचा, पीठ करायचं, लाकडी सुपात धुवायचं, तळाशी पिवळं काही चमकतंय का बघायचं. हाताला ती सवयच. चुलीचा दगड फुटला तरी आमचा माणूस आधी तुकडा उजेडात धरून बघणार, मग मुसळाखाली टाकणार. निकोदिमनं थडग्यासाठी दगड तासला, खाली पडलेल्या ढलप्या टोपलीत भरल्या आणि नेहमीसारखा ओढ्यावर गेला. त्यात त्यानं विचार असा केलाच नाही. केला असता तर थांबला असता, एवढा तो भला होता.

दगड रोमन लोकांचा. आमच्यापेक्षा अठराशे वर्षं आधी ते हाच डोंगर पोखरून गेले. त्यांची भुयारं आमच्या खाणींना मध्येच येऊन मिळतात, आणि त्यांचे दगड नांगराला लागतात. कोणी पायरीला लावतो, कोणी कोबीच्या पिंपावर वजनाला ठेवतो. निकोदिमच्या वडिलांनी हा डुकरांच्या खुराड्यापाशी टाकला होता. वर एक नक्षीची कमान, मग ओळी, आणि शब्दांच्या मधे मधे छोटंसं पान कोरलेलं, वेलीचं.

हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्या दगडावर बसून मी दोन उन्हाळे आलुबुखार खाल्ले. आणि आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. आमच्या त्या आळीत वाचता येणारी मी एकटीच होते. चार यत्ता शिकले होते. रोमन लोकांची अक्षरं नि आमची अक्षरं एकच आहेत. बोट ठेवून नाव लावता आलं असतं. मी आठोळ्या कोण लांब थुंकतं याची पैज लावत होते.

इलिंकाचं नाव कोळशानं दगडावर लिहून द्यायलाही निकोदिमनं मलाच बोलावलं. तोवर त्यानं दगड गुळगुळीत केला होता. मी लिहिलं, त्यानं कोरलं. छान दिसलं. मी तर म्हटलंसुद्धा, "छान दिसतंय, दादा."

त्या भांडणानंतरच्या मृतांच्या पहिल्या शनिवारी तो चर्चमध्ये कागद घेऊन गेला. आमच्यात मेलेल्यांची नावं कागदावर लिहून देतात, पाद्रीबाबा मोठ्यानं वाचतात. नाव वाचलं की मेणबत्ती आणि पाव त्या माणसाला पोचतात. नाव नसेल तर कोणाला पोचणार? निकोदिमनं माझ्याकडून इलिंकाचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "खाली एक ओळ मोकळी सोड."

पाद्रीबाबा तेव्हाचे म्हातारे, तापट. "हे काय? इथं कोण आहे?"

"कोणीतरी आहे, बाबा. मी नाव खोडलं त्यांचं, रोमन दगडावरचं."

"रोमन म्हणजे मूर्तिपूजक. त्यांच्यासाठी नाही वाचायचं."

"मग मी खोडलं ते कोण निस्तरणार?"

"तू," बाबा म्हणाले, आणि कागद परत दिला.

पुढच्या वर्षी सरकारनं खाणी घेतल्या, मुसळं मोडून जाळली. निकोदिम सरकारी खाणीत मजुरीला लागला, तीस वर्षं खालीच होता. थट्टेखोर माणूस. खाणीतून वर आला की म्हणायचा, "कोणी मेलंबिलं का, का मी उगाच वर आलो?" लग्नात नाचायला पहिला. पण वर्षातून चार-पाच वेळा मृतांचे शनिवार येतात, त्या दिवशी त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. दोन मेणबत्त्या, दोन पाव, आणि तो मोकळ्या ओळीचा कागद. तीन पाद्री बदलले. एकानं कागद घेतला आणि ओळ गाळली. एकानं तिथं थांबून नुसता श्वास घेतला. निकोदिमला तेवढ्यानंही बरं वाटलं होतं.

एकदा कुंपणावरून मला म्हणाला, "सवेता, तू त्याच्यावर बसायचीस. एखादं अक्षर तरी?"

"पान आठवतं, दादा."

"पान मलाही आठवतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रफिलावहिनीनं मरताना त्याला सांगितलं, "आता पुरे कर. ठेव एखादं नाव तिथं. कुठलंही चांगलंसं. देव समजून घेईल."

"एक काढलं, आता दुसऱ्याचं चिकटवू?" तो म्हणाला. "अगं, मेलेलं माणूस आहे ते, गाय नाही."

"हट्टी मेल्या," वहिनी म्हणाली. तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं तेच. नंतर तिचंही नाव मी त्या कागदावर लिहू लागले, आणि पाव तीन झाले.

मग क्लुज शहरातून उत्खननाची माणसं आली. गावभर खड्डे. त्यांच्यातली एक बाई, कोर्नेलिया नावाची, घरोघर फिरून विचारायची, कोणाकडे लिहिलेला दगड आहे का. लोक दडवत होते. परसातला कोबी खणून नेतील ही भीती. निकोदिम ऐंशीचा, तो आपणहून गेला. मला बरोबर नेलं. "तू चल. मी घाबरलो तर बोल."

बाई दफनभूमीत आली. दगडासमोर गुडघ्यावर बसली, बाजूनं दिवा धरला. बराच वेळ बघून म्हणाली, "आजोबा, हे कोणी तासलं?"

"मी."

"का?"

त्यानं इलिंकाच्या नावावर हात ठेवला. बाईनं ते नाव वाचलं. वरचं सगळं गेलंय म्हणाली, फार खोल गेली आहे छिन्नी. ढलप्या कुठे आहेत? आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुटल्या," तो म्हणाला. "सोन्यासाठी."

मला वाटलं ती ओरडेल. तिनं चष्मा काढून पुसला. मग त्याची परवानगी घेऊन दगडाच्या पायाची माती काढली. दगड मातीत वीतभर रुतलेला. तिथपर्यंत छिन्नी गेलीच नव्हती. पुरायच्या भागाला कशाला तासायचं, म्हणून त्यानं तेवढं सोडलं होतं. दोन ओळी निघाल्या.

"बावीस वर्षं जगली," बाई बोट फिरवत वाचत होती. "आणि ही शेवटची ओळ: आईनं हा दगड उभा केला."

"बाई होती?"

"हो. 'मुलीसाठी' असा शब्द आहे शेवटच्या ओळीत."

"नाव?"

"नाव वरच होतं, आजोबा."

निकोदिम खाली बसला, ओल्या मातीतच. "मला वाटलं होतं कोणी सरदार असेल," तो म्हणाला. "सरदाराचं खोडलं तर त्याचे दहा दगड असतील. हिचा एकच असणार गं, सवेता. आईनं केलेला."

मी त्याला उठ म्हटलं. उठवायला वाकले नि मीही तिथंच बसले. कोर्नेलियाबाईनं दोघांना हात दिला.

मोकळी ओळ त्यानंतर मोकळी राहिली नाही. त्यानं मला लिहायला लावलं: 'बावीस वर्षांची, आईची मुलगी.' आताचा पाद्री तरुण आहे. त्यानं कागद वाचला, दाढी खाजवली आणि म्हणाला, "वाचतो." आणि वाचलं. निकोदिमला त्यानं बरं वाटलं का? मी विचारलं होतं. तो म्हणाला, "पाद्रीनं वाचलं म्हणून नाव थोडंच परत आलं?" मला विचाराल तर मला थोडं बरं वाटलं, आणि तेही मला शोभत नाही.

तीन वर्षं असं चाललं. आमच्या मोठ्या उपासाच्या आधीचा मृतांचा शनिवार होता, गुडघाभर बर्फ. दोनच दिवसांनी, सोमवारी, चुलीजवळच्या खुर्चीत त्याचा जीव गेला, पण शनिवारी काही कळायची सोय नव्हती. खोकत होता, पण तो तर चाळीस वर्षं खोकतच होता. सकाळी कुंपणाशी आला, बगलेत तीन पाव फडक्यात बांधलेले.

"लिहिलंस का?"

"लिहिलं. या थंडीत कशाला जातोस? माझा नातू देईल नेऊन."

"तुझा नातू वाटेत पाव खाईल."

मी कागद दिला. त्यानं तो डोळ्यांजवळ धरला, वाचता येत असल्यासारखा. तिन्ही ओळी आहेत का, तेवढं बघितलं. मग टोपीच्या आत सरकवला, भिजू नये म्हणून, आणि काठी टेकत चर्चच्या चढाला लागला.