आत्या नावाचं तळं

सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात सोलापूरचा एकही नकाशा नाही. आम्ही काढतो ती तळी फार दूर उत्तरेत, जिथे रस्ता संपल्यावरही बराच प्रदेश उरतो. उपग्रहाच्या फोटोवर पाण्याची कड पकडायची आणि माउसने रेघ ओढत जायची. बर्फ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, हे ओळखायला डोळा बसावा लागतो.

प्रत्येकाला एक चौकोन मिळतो. तळी काही चौकोन बघून पसरत नाहीत, त्यामुळे शेजारणीशी कड जुळवावी लागते. माझी शेजारीण मोहोळहून एसटीने येणारी ताई. बहुतेक तळ्यांना नाव नसतं, नुसता आकडा. आकडे ओरडून सांगण्यात घोळ होतो, म्हणून ऑफिसात त्यांना आकारावरून हाक मारतात: वांगं, चप्पल, कडक भाकरी. मी हाक मारत नसे. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐकून लोक हसतात हे ठाऊक असल्यानं शेजारच्या खुर्चीलाही मेसेज करायचे.

"अगं, मी हितंच हाय की," ताई म्हणायची. "तोंडानं बोललीस तर बॅलन्स जातो का?"

एक तळं आमच्या दोघींत होतं. वर डोक्यासारखा गोल, खाली रुंद घेर, आणि पश्चिमेला एक फाटा बाहेर जाऊन परत आत वळलेला. कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई.

"आमची आत्या!" ताई म्हणाली. "लग्नात जेवण उरलं की अशीच उभी राहते."

तिनं विसरू नये म्हणून नावाच्या रकान्यात तेच टाकलं. पाठवण्याआधी पुसायचं होतं. पण मोहोळची गाडी सुटायची वेळ झाली, आणि दोन्ही तुकडे जोडताना मोठ्या तुकड्याचं नाव अख्ख्या तळ्याला लागलं. ते तसंच परदेशी गिऱ्हाइकाकडे गेलं.

तिकडून विचारणा आली: हे नाव कोणत्या आधारावर? ताई अजून नोकरीत कायम झाली नव्हती आणि निर्णय त्याच आठवड्यात होता. साहेबांनी फोन जोडला, तिच्याकडे बघून म्हणाले, "बोला आता." ताईनं माझ्याकडे पाहिलं. एरवी इतकं बोलणाऱ्या बाईनं फोन माझ्याकडे सरकवला.

मी खुर्ची पुढे ओढली. इंग्रजीत म्हटलं, हे नाव कुठल्याही पुस्तकातलं नाही. कड जुळवताना आम्ही सगळेच अशी नावं ठेवतो, आणि हे एक पुसायचं राहिलं. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. कड मात्र तपासून घ्या, ती ताईंनी काढलीय.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, "कुणाची आत्या?"

"ताईंची. आता सगळ्यांचीच."

त्या हसल्या. कड त्यांनी आधीच तपासली होती, चोख होती. फक्त नाव बदला, म्हणाल्या. तळ्याकाठी मासेमारीला येणाऱ्या लोकांचं या तळ्यासाठी स्वतःचं नाव होतं, ते त्यांच्या नोंदीत नुकतंच आलं होतं. त्यांनी अक्षरं एकेक करून सांगितली. अर्थ विचारला, तर म्हणाल्या: उशिरा वितळणारं. आजूबाजूचं पाणी मोकळं झालं तरी याच्यावर बर्फ राहतो.

फोन ठेवल्यावर मी ताईला अर्थ सांगितला.

"मंग आत्याच की ती!" ती म्हणाली. "सगळे हसून झाले की मग हसते."

साहेबसुद्धा हसले. "पाठवण्याआधी रकाने बघत जा," एवढंच बोलले. आठवडा संपायच्या आत ताई कायम झाली. शेंगाचटणीचा डबा आधी माझ्या टेबलावर आला.

ते लांबलचक नाव मी स्वतः रकान्यात भरलं, दोनदा तपासून. मग पुढचा चौकोन उघडला. एका तळ्याचं टोक माझ्या हद्दीत आलं होतं. मी मेसेज करायला फोन उचलला आणि परत ठेवला.

"ताई," मी हाक मारली, जरा मोठ्यानंच, "तुमची चप्पल माझ्याकडे आलीय."

चार खुर्च्या वळल्या.

"राहू दे की घटकाभर," ताई म्हणाली. "घालून बघ, बसते का."