त्याच्या नावावर घालू नका

ऑगस्ट १९८७, शुक्रवारची घरप्रार्थना. ठिकाण अंबरनाथ, आमची खोली. हजर: पाळकसाहेब, साळवे पतिपत्नी, रत्नाबाई आणि त्यांचा मुलगा विजय, चर्चच्या मंडळीची सेक्रेटरी म्हणून मी, आणि पहिली पाळी करून आलेले, साबणाने हात धुऊनही बोटांना ग्रीसचा वास असलेले शमुवेल जगताप. त्यांना सगळे जगतापमामा म्हणत. ते एका कारखान्यात फिटर होते आणि आमच्या मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक होते.

प्रार्थनेच्या विनंत्या मी वाचून दाखवायच्या, अशी आमची पद्धत होती. त्या दिवशी साळव्यांची विनंती होती, की गल्लीतलं गटार तुंबलंय, त्यासाठी प्रार्थना व्हावी. मामांनी डोळे मिटण्याआधीच विचारलं, "अर्ज केलात?"

"कुठे?"

"नगरपालिकेत."

"नाही."

"मग ते आधी करा. आपलं काम त्याच्या नावावर घालू नका."

साळवेबाई म्हणाल्या, "मामा, तुमच्यासमोर विनंती ठेवायची म्हणजे रेशन ऑफिसात गेल्यासारखं वाटतं. कागद अपुरे म्हणून परत." सगळ्यांत मोठ्यांदा मामाच हसले. विनंती मात्र त्यांनी बाजूला ठेवायला लावली. सोमवारी ते स्वतः साळव्यांबरोबर नगरपालिकेत गेले.

ह्यावरून कोणी समजेल की त्यांचा प्रार्थनेवर विश्वास कमी होता. तसं नव्हतं. आजाऱ्याच्या उशाशी बसले की ते तासभर उठत नसत. पण देवाचं नाव कुठे घ्यायचं आणि कुठे नाही, ह्याबद्दल ते फार कडक होते. "प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर नंतर येते," ते म्हणत. "आधी त्याचं नाव पवित्र मानलं जावो, ही मागणी आहे. ती आपण घाईघाईने म्हणतो, कारण भूक लागलेली असते."

एकदा चर्चच्या पडद्यांसाठी कापड घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो होतो. सिंधी दुकानदार मामांच्या ओळखीचा होता. त्याने कापड फडकवून सांगितलं, "मामा, भगवान कसम, रंग नहीं जाएगा."

मामा म्हणाले, "साईं, भगवान को दुकान में क्यों खडा करते हो? गॅरंटी तुम दो."

"मैं दूँगा तो कल आप कपडा वापस लाओगे."

"इसीलिए तो."

दुकानदार हसला आणि त्याने दुसरा तागा काढला. परत येताना मामा मला म्हणाले, "बघा सेक्रेटरीबाई, स्वतः उभं राहायचं नसलं की माणूस त्याला पुढे करतो." हे ते सहज बोलले. मीही तेव्हा ते सहजच ऐकलं.

विजय मोठा झाला. रत्नाबाई विधवा, घरी तो आणि एक मुलगी. मामांनी शब्द टाकून त्याला आपल्याच कारखान्यात मशीनवर लावलं. रत्नाबाईंनी त्या रविवारी मामांच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला होता. मामा म्हणाले, "मुलगा चांगला आहे म्हणून लागला. मी फक्त दार दाखवलं."

वर्ष झालं नसेल. विजयच्या शर्टाची बाही मशीनच्या चालत्या पट्ट्यात सापडली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

दफनाच्या दिवशी मी माझ्या सवयीप्रमाणे कामाला लागले. पेटी, गाडी, फुलं, खड्डा खणणारे, रत्नाबाईंजवळ बसायला दोन बायका. हातात काम असलं की मला रडू येत नाही. कबरस्तानात पाळकसाहेबांनी उपदेश केला. तरुण मृत्यूच्या वेळी जे म्हणतात तेच ते म्हणाले: प्रभूची योजना आपल्याला कळत नाही, त्याच्या मर्जीने झालं, आपण मान लववायची. रत्नाबाई मान हलवत होत्या. मग शेवटच्या प्रार्थनेसाठी पाळकसाहेबांनी मामांना पुढे बोलावलं.

मामांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले.

"प्रार्थनेआधी एक सांगतो," ते म्हणाले. "ह्यात प्रभूची मर्जी नव्हती. पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. ती ग्रीसिंगसाठी मी काढली होती. साहेब म्हणाले, आत्ता मशीन चालू करा, जाळी उद्या लावू. मी बरं म्हणालो. बरं म्हणायला नको होतं. हे त्याच्या नावावर घालू नका."

त्यानंतर त्यांनी प्रार्थना केली. फार लहान केली. आमेन कोणाच्या तोंडून निघालं नाही. रत्नाबाईंनी मूठभर माती टाकली, पदर सावरला आणि मुलीचा हात धरून गाडीकडे निघाल्या.

कारखान्याने मामांचं बोलणं उचलून धरलं, पण अर्धंच. जाळी काढणारा फिटर दोषी ठरला. उद्या लावू म्हणणारे साहेब आपल्या खुर्चीवर राहिले. मामांची नोकरी गेली.

मंडळीतही त्यांच्या बाजूने कोणी नव्हतं. साळवेबाई मला म्हणाल्या, "गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? बिचारीला निदान देवाच्या नावाचा आधार होता. ह्यांनी तोही काढून घेतला." मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण खोडता येत नाही.

मामा तेव्हा उल्हासनगरमध्ये शिलाईच्या कारखान्यांतून मशीनं दुरुस्त करत हिंडत होते. बारीक झाले होते. मी त्यांना विचारलंच, "मामा, साहेबांना सांगितलंत, पोलिसांना सांगितलंत, ते ठीक. पण तिथे कबरस्तानात, रत्नाबाईंसमोर, कशासाठी?"

ते मशीनच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घालून बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "तिला पुढचं सगळं आयुष्य ज्याला हाक मारायची आहे, त्याच्यावरच ती राग धरून बसली असती. देवाने माझा मुलगा नेला म्हणून. माझ्यावर धरू दे. माझ्याशिवाय तिचं काही अडत नाही."

"आणि तुमचं?"

"माझं काय. ती चर्चला येते ना?"

येत होत्या. रत्नाबाईंनी एकही रविवार चुकवला नाही. पुढच्या बाकावर बसत, मोठ्याने गात. मामा आता शेवटच्या बाकावर बसत. वडीलकी त्यांनी आपण होऊन सोडली होती. उपासना संपली की रत्नाबाई बाजूच्या दाराने निघून जात, म्हणजे मामांसमोरून जावं लागू नये.

मामा क्षमा मागायला त्यांच्या घरी बऱ्याचदा गेले. दार उघडत नसे. एकदा उघडलं. रत्नाबाई उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "देव तुम्हाला क्षमा करो," आणि दार लावून घेतलं.

त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "चला, झालं की मामा. बोलल्या तरी."

त्यांनी मान हलवली. "नाही झालं. त्याची तर मी रोज मागतो. मला तिची हवी होती. तिने त्याला पुढे केलं." मग म्हणाले, "तिचा दोष नाही. तिच्याजवळ नसेल द्यायला."

१९९६च्या पावसाळ्यानंतर त्यांचा खोकला वाढला. दवाखान्यात मी डबा घेऊन जायची. बोलताना त्यांना दम लागे. एकदा नर्स म्हणाली, "देवावर सोडा, बाबा," तर म्हणाले, "सोडतो. आधी तू ती सलाईन बघ, थांबली आहे." नर्स हसली आणि तिने सलाईन नीट केली.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. "सेक्रेटरीबाई, माझं एक काम राहिलं आहे. रत्नाबाईंकडे जा आणि माझ्यासाठी माफी मागा. माझ्या नावाने मागा. त्याच्या नको."

मी हो म्हणाले. रविवारी उपासनेच्या वेळी ते गेले. मातीला मंडळीतली बरीच माणसं आली. रत्नाबाई आल्या नाहीत. त्या तोवर मुलीकडे, सोनिवलीच्या नव्या इमारतीत राहायला गेल्या होत्या.

मी सोनिवलीला गेले. पहिल्यांदा घराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा त्यांनी दार उघडलं, "सलाम बाई, या," म्हणून आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. भिंतीवर विजयचा फोटो होता. मी विषय काढणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याच म्हणाल्या, "जगताप गेले म्हणे. देवाची मर्जी."

माफीचा विषय तसाच राहिला. आम्ही मुलीच्या बदलीबद्दल बोललो, नळाच्या पाण्याबद्दल बोललो. त्या मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या.

ह्या महिन्यात पुन्हा जायचं आहे. बसल्या बसल्या, चहाच्या आधीच मामांच्या नावाने माफी मागायची, एवढं ठरवलं आहे. पहिलं वाक्य अजून जमलेलं नाही.