फक्त चोवीस

रोज सकाळी जागेवर बसलं की ताई रुमालाने आधी टेबलावरच्या कॅमेऱ्याची काच पुसायच्या, मग स्वतःचा चष्मा. पोटच्या पोराचं नाक पुसावं तसं.

कॅमेऱ्यातल्या सेन्सरला बाहेरून क्लॉकचे ठोके लागतात. ठोका नाही तर चित्र नाही. कोणत्या सेन्सरला किती वेगाचा ठोका चालतो, हे स्कीमात, म्हणजे नियमांच्या फाइलीत, लिहून ठेवणं हे ताईंचं काम. नवं सर्किट बोर्ड आलं की संगणक बनवणाऱ्याने पाठवलेलं त्याचं वर्णन या नियमांशी ताडून बघतो, जुळलं नाही की नामंजूर. ताईंच्या नजरेतून स्वल्पविरामही सुटत नसे. नवरा म्हणे, हिला वाण्याची यादी दिली तरी शेरा मारून परत येते.

निवृत्तीला चार दिवस उरले असताना एका छोट्या कारखानदाराचं पत्र आलं. तो डोळे तपासायचं यंत्र बनवत होता. दोनशे बोर्ड तयार, चित्र स्वच्छ, पण वर्णन नामंजूर. त्याचं क्लॉक सेकंदाला एकोणीस दशलक्ष ठोक्यांचं, आणि स्कीमा म्हणत होता, फक्त चोवीस. काहीच होणार नसेल तर बोर्ड मोडीत काढतो, तेवढं कळवा, असं त्याने लिहिलं होतं.

शेजारचा सहकारी नकार लिहायलाच बसला होता. ताईंनी त्याला थांबवून सेन्सरचं माहितीपत्रक उघडलं. सहा ते सत्तावीस, काहीही चालेल. मग चोवीस कुणी लिहिलं? फाइलीवर नाव ताईंचंच, नऊ वर्षांपूर्वीचं. तेव्हा टेबलावर असलेल्या बोर्डाचं क्लॉक चोवीसचं होतं, आणि त्यांनी आपल्या अंगणालाच गाव समजून तेच लिहून टाकलं होतं.

जाताजाता कशाला डाग, असं सहकाऱ्याचं म्हणणं. पुढच्या महिन्यात तो आपल्या नावाने नियम गुपचूप बदलणार होता.

"उष्टं माझं आणि खरकटं तू काढणार?" ताई म्हणाल्या.

त्यांनी नियम बदलला आणि खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: सेन्सरऐवजी मी माझ्या बोर्डाचं वर्णन केलं होतं. चूक माझी.

बदल मंजूर झाला तो नेमका शेवटच्या दिवशी. निरोपाचा चहा चालू असताना कारखानदाराचा फोन आला. बोर्ड मोडीतून वाचली होती, आणि बिचाऱ्याला आभार कसे मानावेत ते सुचेना.

"ते राहू द्या हो," ताई म्हणाल्या. "तुमच्या वर्णनात क्लॉकची ओळ दोनदा आली आहे, त्यातली एक काढून टाका."