जांभळ्या पातळातली आजी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत आईचा हात माझ्या हातातून सुटला. अर्धांगवायूनंतर तिची वाचा गेली होती. कुणी नाव विचारलं तरी तिला सांगता आलं नसतं. झेंडूच्या ढिगांमधून माणसं नुसती लोटत होती आणि मी वेड्यासारखी तिला शोधत होते.

लिंबं विकणाऱ्या एका बाईनं माझं मनगट धरलं. “कोण हरवलंय? अंगावर काय हाय?”

“आई. जांभळं पातळ नेसलीय. बोलता येत नाही तिला.”

तिनं शेजारच्या गाळ्याकडे हाक दिली, “जांभळ्या पातळातली आजी! बोलत न्हाई!” ती हाक कांदेवाल्यानं उचलली, मग हारवाल्यांनी, मग कुणा हमालानं. माझी काळजी अनोळखी गळ्यांतून लांब लांब जाताना मी ऐकत उभी राहिले. थोड्या वेळानं त्याच वाटेनं उत्तर परत आलं, “घावली! केळीवाल्याकडं हाय!”

आई पोत्यावर बसली होती आणि केळीवाला पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होता.

गर्दीत माणूस एकटा असतो, असं मी कितीदा म्हणाले असेन. त्या संध्याकाळी मात्र माझ्या आईला सगळी मंडई आजी म्हणत होती.

परतताना आम्ही लिंबंवालीपाशी थांबलो. आईनं आपला एकच चालता हात कपाळाशी नेला. लिंबंवालीनं तराजू खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.