मूल कोणाच्या हाती

रुग्णालयात आपत्काळाची तालीम वर्षातून एकदा होई आणि दरवर्षी ती उत्तमच होई. जी संस्था स्वतःच प्रश्नपत्रिका काढते आणि स्वतःच तपासते, ती सहसा नापास होत नाही. अपघात विभागाच्या मुख्य परिचारिकेला नेमके हेच खटकत असे. सगळे त्यांना ‘मोठ्या सिस्टर’ म्हणत.

मुलांसाठीची तयारी त्यांनीच अकरा वर्षे खपून उभी केली होती: लहान मास्क, बारीक नळ्या, मुलाच्या उंचीवरून वजनाचा अंदाज देणारी रंगीत पट्टी आणि त्याच रंगांनी लावलेले औषधांचे खण. मोठ्यांचा डोस ‘अर्धा करून’ मुलाला देण्याची सवय त्यांनी विभागातून हद्दपार केली होती. एक गोष्ट मात्र राहिली होती. इमारत कोसळली किंवा बस उलटली, की मुले आईबापांवाचून येतात. उपचारांनंतर ती कोणाच्या हवाली करायची? त्यासाठी सिस्टरना एकच दार असलेली खोली आणि त्या दारावर एक जबाबदार माणूस हवा होता. तळमजल्यावरची जुनी सभेची खोली त्यांनी तीनदा मागितली आणि अधीक्षकांनी तीनदा नाकारली.

“अहो सिस्टर, फॉर्म आहे ना आपल्याकडे? नातेवाइकाच्या सहीशिवाय मूल बाहेर जात नाही.”

“सही कुणीही करतं, साहेब.”

“तुम्हाला जिकडेतिकडे चोरच दिसतात!”

“दोन महिन्यांत निवृत्त होतेय. या तालमीत एक गोष्ट माझ्या मनासारखी करू द्या. नाही पटली, तर खोलीचं नाव काढणार नाही.”

अधीक्षक हसले आणि हो म्हणाले.

तालमीसाठी कर्मचाऱ्यांच्या घरची चौदा मुले ‘जखमी’ म्हणून आली. त्यांत अधीक्षकांची पाच वर्षांची नातही होती. सिस्टरनी तिच्या आईला सगळा बेत सांगून परवानगी घेतली होती. मुलीलाही सांगितले होते, की एक आत्या येईल, तिच्याबरोबर बागेत जा, आई तिथेच बसलेली असेल. मोठ्यांना धडा देण्यासाठी मुलाला घाबरवणे त्यांना मान्य नव्हते.

आत्या म्हणजे सिस्टरची नणंद. बोलण्यात ती कोणाला हार जाणारी नव्हती. धापा टाकत ती नोंदणीच्या टेबलापाशी आली.

“अगं बाई, इथे आहेस होय! सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा!”

“तुम्ही कोण हिच्या?” कारकुनाने विचारले.

“कोण म्हणजे? सख्खी आत्या! नाक बघा, नाक. असलं नाक आमच्याच घरात!”

कारकुनाने दोन्ही नाके पाहिली. त्याला ती सारखी वाटली. नणंदेने झोकात सही ठोकली आणि मुलीला कडेवर घेतले. रखवालदाराने तर अदबीने दार उघडून धरले.

शेवटी आढावा झाला. “चौदाही मुलांवर वेळेत, अचूक उपचार,” अधीक्षक समाधानाने म्हणाले.

“इथे तेराच आहेत, साहेब.”

त्यांनी मुले मोजली. पुन्हा मोजली. “माझी नात कुठे आहे?”

“बागेत, आईजवळ. सुखरूप आहे. पण हे मला माहीत आहे, तुमच्या फॉर्मला नाही.”

अधीक्षकांनी फॉर्म मागवला. नाव, नाते, सही. सगळे रकाने नीटनेटके भरलेले होते.

“नाक सारखं होतं हो, साहेब,” कारकून पुटपुटला. सगळे हसले. अधीक्षक हसले नाहीत.

“खोली घ्या,” ते म्हणाले.

“आणि दारावर माणूस?”

“तोही घ्या.”

माणूस म्हणून सिस्टरनी त्या कारकुनालाच मागून घेतले. एकदा फसलेला माणूस पुन्हा सहजी फसत नाही, असा त्यांचा हिशेब होता. नियम ठरले. मूल येताच त्याचा फोटो काढायचा. न्यायला येणाऱ्याला मुलाची अशी खूण विचारायची, जी घरच्यांनाच ठाऊक असेल. घरच्या कागदांशी किंवा दुसऱ्या नातेवाइकाशी पडताळणी करायची. मग दोन कर्मचाऱ्यांनी सह्या करून मूल सोडायचे.

निवृत्तीच्या आठवड्यात केवळ नव्या खोलीसाठी एक जादा तालीम झाली. या वेळी खरी आई आली. ती रुग्णालयाच्याच स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिला सगळे ओळखत. तिने खूण बरोबर सांगितली, पण कागद जवळ नव्हते आणि नवऱ्याचा फोन लागत नव्हता.

“माझं पोर मलाच देत नाही? रोज माझ्या हातचं जेवता ना तुम्ही?”

कारकुनाने सिस्टरकडे पाहिले. सिस्टरनी नजर वळवली. पुढच्या आठवड्यात त्या इथे नसणार होत्या.

कारकुनाने खुर्ची पुढे सरकवली. “बसा, ताई. तुमचा राग कळतो मला. पण पडताळणी झाल्याशिवाय दार उघडणार नाही.”

नऊ मिनिटे ती धुमसत बसली. अखेर नवऱ्याचा फोन लागला, दुसरी सही झाली आणि मूल तिच्या कुशीत आले. जाताना ती दारात थांबली.

“दुसरं कुणी माझ्या पोराला मागायला आलं असतं, तर त्यालाही असंच बसवलं असतंत?”

“असंच.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली.