राणीचं पान

आठवीत असताना शाळेच्या कपाटातून मला इंग्रजांच्या राणीचं चरित्र मिळालं. मला खरं तर राक्षसाच्या गोष्टींचं पुस्तक हवं होतं, पण ते आधीच कुणीतरी नेलं होतं. "घे, हीपण गोष्टच आहे," म्हणत सरांनी धूळ झटकून ते माझ्या हातात ठेवलं.

आष्टीत आमच्याच घरात माझी आत्या राहायची. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. लग्नानंतर तीन वर्षांत हे मामा गेले आणि वर्षभरानं ती भावाकडं, म्हणजे आमच्याकडं आली. तिला अक्षरओळख नव्हती, पण ऐकायची हौस दांडगी. दुपारी ती डाळ निवडायला बसली की मी वाचायचे, आणि राणी जणू आमच्याच गल्लीत राहते अशा थाटात आत्या तिचे निवाडे करायची.

राणीनं मामाच्या मुलाशी लग्न केलं, हे ऐकून तिचा हात सुपातच थांबला.

"मामाचा पोरगा? अगं, आपल्यात मामाची पोरगी करतेत. ही उलटंच करून राह्यली की!"

"आणि मागणीपण तिनंच घातली, आत्या. राणीला दुसरं कोण विचारणार?"

"हां, ते बराबर केलं," आत्या म्हणाली. "न्हाई तर घरचे कुणाच्याबी गळ्यात बांधतेत."

पुढं नऊ लेकरं झाली. "राणी असून सुटका न्हाई," एवढंच ती बोलली.

मग राणीचा नवरा वारला. त्यानंतर तिनं चाळीस वर्षं काळे कपडे घातले. त्याच्या खोलीत रोज गरम पाणी ठेवायला लावलं, त्याचे कपडे काढून ठेवायला लावले. मला वाटलं, आत्या हसेल. ती डाळ निवडतच राहिली.

"मंग ते पाणी नंतर कोण फेकायचं?"

"पुस्तकात नाही दिलं."

"मीबी ते गेल्यावर एक वरीस तुझ्या मामाची भाकर थापून ठेवायची," ती म्हणाली. "सासू म्हणायची, नासाडी करती. राणीला कोण म्हणणार!"

त्या दिवसापासून राणीबद्दल कुणी वाकडं बोललेलं तिला चालेना.

शेवटी-शेवटी आलं की म्हातारपणी राणीनं आपल्याकडच्या एका नोकराकडून उर्दू शिकायला घेतली. वय अडुसष्ट. आत्यानं सूप बाजूला सरकवलं.

"अडुसष्ट? आन् मला पंचेचाळिसात काय धाड भरली? आण तुझी पाटी."

पाटी आली. राणी काही आत्यासारखी शिष्या नसणार, कारण आमच्यात रोज भांडणं. 'ळ' काढताना ती म्हणायची, "ह्याला एवढं लोळायची काय गरज?" मी रागावले की उत्तर ठरलेलं: "राणीला तिचा मास्तर असं बोलायचा का?" दिवाळीपासून पोळ्यापर्यंत घासाघीस चालली. एके दिवशी तिनं चुलीतल्या कोळशानं भिंतीवर स्वतःचं नाव लिहिलं, एकही चूक न करता. आईनं तो भाग पुढं कधी सारवला नाही.

त्यानंतर आली सर्वपित्री अमावस्या. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पानं वाढताना आत्यानं मामाच्या पानाशेजारी एक पान जास्त घेतलं. पुरणपोळी, कढी, भजी, खीर. सगळं साग्रसंगीत.

"हे कुणाचं?" वडलांनी विचारलं.

"राणीचं. तिच्यामुळं शिकले मी. तिथं तिला कोण वाढतंय?"

वडील कपाळाला हात लावून बसले. शेजारचे आजोबा तेवढ्यात वर आले. निजामाच्या राज्यात तुरुंग भोगून आलेला माणूस. पान कुणाचं हे कळताच त्यांचा आवाज चढला.

"इंग्रजाच्या राणीला? आपल्या माळवदावर?"

"काका, आपण इंग्रजाच्या राज्यात होतो का निजामाच्या?"

"निजामाच्या."

"मंग तिचं आपलं भांडणच न्हाई."

"अगं, निजाम तिच्याच जिवावर उडत होता!"

"ते त्या दोघांनी बघावं. मी मास्तरणीला वाढून राह्यले."

आजोबा तिथंच कठड्यावर बसले. सगळे कावळ्याची वाट बघू लागले. एक कावळा आला. त्यानं मामाच्या पानाकडं मान वाकडी करून बघितलं आणि थेट राणीच्या पुरणपोळीवर चोच मारली.

"बघा!" आत्या आनंदानं ओरडली. मग मामाच्या तशाच राहिलेल्या पानाकडं वळून म्हणाली, "तुमचं जितेपणीबी जेवायला येणं उशिराच व्हतं."

मामाच्या पानाला कावळा तासाभरानं शिवला. तोवर भुकेनं मी दोनदा खाली स्वयंपाकघरात डोकावून आले, आजोबा मात्र उठले नव्हते. खाली उतरताना ते वडलांना हळूच म्हणाले, "तुझी बहीण वकील व्हायला पाहिजे होती."

पुढच्या वर्षी अमावस्येला ते सकाळीच दारात हजर.

"राणीचं वाढलं का गं?"

"वाढते की. तुम्हाला काय करायचं?"

"कावळा बघायचाय," ते म्हणाले, आणि चपला काढून जिन्याकडं निघाले.